पाटी मराठीत झाली, परवानगीचे काय?

दुकानावर मराठी पाटी लावली की कायद्यातून सुटलो, असे बऱ्याच दुकानदारांना वाटते. दुकानाच्या पाटीला कायदे दोन लागू होतात. अक्षरांचा एक, उजेडाचा नि जागेचा दुसरा.

पहिल्याची चर्चा जास्त. ‘आमच्याकडे दोनच पोरं कामाला, आम्हाला कुठला नियम?’ हे बोलणे 2022 पर्यंत खपून गेले. त्या वर्षी राज्याच्या दुकाने व आस्थापना कायद्यात झालेल्या दुरुस्तीने दहापेक्षा कमी कामगारांची दुकानेही कक्षेत आली. व्यापारी संघटना न्यायालयात गेल्या, पण सप्टेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘दोन महिन्यांत पाट्या बदला’ असेच सांगितले. म्हणून इंग्रजी पुसायचे का? मुळीच नाही. इतर भाषा चालतात. मात्र देवनागरी मराठी आधी हवी आणि तिची अक्षरे इतरांपेक्षा लहान नकोत. कोपऱ्यात मुंगीएवढे मराठी लिहिणे ही पळवाट नव्हे, उल्लंघनच. याच कायद्यातली एक तरतूद फारशी कुणाला ठाऊक नसते: दारू विकणाऱ्या किंवा पुरवणाऱ्या ठिकाणाला महापुरुषांचे किंवा गडकिल्ल्यांचे नाव देता येत नाही.

खरी गफलत होते ती दुसऱ्या कायद्यात. ‘भिंत माझी, पाटी माझी, पालिकेचा काय संबंध?’ रंगवलेली साधी पाटी, फक्त त्याच दुकानाच्या धंद्याची असेल, तर हे म्हणणे बरोबर आहे. मुंबईच्या 1888 च्या पालिका कायद्यातच तशी सूट आहे आणि इतर महापालिकांच्या कायद्यातही. पण तीच पाटी ग्लो साइन केली, आत एलईडी बसवले, की ती प्रकाशित जाहिरात ठरते आणि आयुक्तांची लेखी परवानगी लागते. बोर्ड बनवणारा कारागीर हे सांगत नाही. त्याचे काम बोर्ड टांगून संपते. गच्चीवर सांगाडा उभारून आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसेल असे नाव झळकवले, तर ते ‘आकाशचिन्ह’. त्याला दिवे नसले तरी परवानगी हवीच. जाहिरातीचा फुगासुद्धा यातच मोडतो!

परवानगी एकदा घेतली म्हणजे हवा तेवढा सांगाडा उभारता येतो, असेही नाही. 13 मे 2024 रोजी घाटकोपरला वादळात पडलेले होर्डिंग 120 बाय 120 फुटांचे होते. पालिकेची कमाल मर्यादा 40 बाय 40. त्या होर्डिंगखाली 17 माणसांचा जीव गेला. दुकानाचा बोर्ड एवढा मोठा नसतो, पण छज्ज्याबाहेर लोंबणाऱ्या लोखंडी चौकटीखालूनही माणसेच जातात. परवानगीच्या अर्जात मोजमाप आणि बांधकामाची मजबुती विचारतात, ती यासाठी.