क्वालिस का बंद केली? टोयोटाची गोष्ट, आणि सेकंड हँड इनोव्हा घ्यायला निघालेल्या पोराचा हिशोब

मागच्या व्हिडिओत आपण 'गाडी घेऊन भाड्याने लावावी का' यावर बोललो. त्यानंतर चार दिवसांनी, दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं होतं, तेवढ्यात शेजारच्या गावचा एक पोरगा आला. वय चोवीस-पंचवीस. आपला व्हिडिओ बघून आलेला. म्हणाला, "सर, इनोव्हा पाहिली. सेकंड हँड. नऊ लाख म्हणते मालक. बाबा वावर गहाण ठेवायला तयार आहेत." मी विचारलं, हिशोब केला का? तर म्हणे, "हिशोब काय करायचा सर? टोयोटा आहे ना. बंदच पडत नाही."

त्याला बसवलं, चहा सांगितला. त्या रात्री त्याला जे सांगितलं, तेच आज लिहितो. त्याचा हिशोब शेवटी येईलच. पण 'टोयोटा बंद पडत नाही' हे वाक्य आपण सगळेच बोलतो, आणि ते कुठून आलं हे कोणालाच ठाऊक नसतं. म्हणून आधी ते.

टोयोटाची सुरुवात गाडीपासून झाली नाही, हातमागापासून झाली. साकिची तोयोदा नावाचा माणूस, जन्म १८६७, बाप सुतार. गावातल्या बाया रात्र-रात्र मागावर राबायच्या, ते बघून त्याच्या डोक्यात बसलं की हा माग सोपा करायचा. १८९१ मध्ये त्याला लाकडी मागाचं पहिलं पेटंट मिळालं. पण खरी कमाल १९२४ च्या मागाची. त्या मागाचा धागा तुटला की माग आपोआप थांबायचा.

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? विचार करा. माग थांबला नाही तर तुटक्या धाग्याचं कापड विणत जाणार, म्हणून प्रत्येक मागाजवळ एक माणूस उभा ठेवावा लागायचा. माग स्वतःच थांबायला लागला तसा एक माणूस अनेक माग सांभाळू लागला. चूक झाली की तिथेच थांबा, खराब माल पुढे जाऊ देऊ नका. टोयोटाच्या कारखान्यात आजही कामगाराला लाइन थांबवायचा अधिकार असतो, त्याचं मूळ या मागात आहे.

१९२९ मध्ये या मागाचे हक्क इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स कंपनीने विकत घेतले. साकिचीचा मुलगा किइचिरो याला मोटारीचं वेड. त्याने मागाच्या कारखान्यातच १९३३ मध्ये मोटार विभाग काढला आणि १९३७ मध्ये स्वतंत्र टोयोटा मोटर कंपनी उभी राहिली. घराण्याचं नाव तोयोदा, कंपनीचं टोयोटा. कारण काय, तर जपानी लिपीत 'टोयोटा' लिहायला आठ फटकारे लागतात आणि आठ आकडा तिकडे शुभ मानतात. दुकानाच्या पाटीवर एक अक्षर वाढवायला आकड्यांच्या जाणकाराकडे जाणारे आपणच एकटे नाही बरं का.

आता त्या पोराच्या वाक्यावर या. १९३५ ला यांचा पहिला ट्रक आला, जी-वन. तो रस्त्यात वारंवार बंद पडायचा. होय, टोयोटाच! गिऱ्हाईक हैराण, पण कंपनीची माणसं जिथे ट्रक उभा असेल तिथे जायची, दुरुस्त करायची, काय तुटलं ते लिहून आणायची आणि पुढच्या ट्रकमध्ये तो भाग बदलायची. 'बंद पडत नाही' हे नाव त्या बंद पडलेल्या ट्रकांमधून आलं आहे.

१९५० मध्ये तर कंपनीच बुडायला आली होती. युद्ध हरलेला देश, गाड्या विकल्या जाईनात, उधारी अडकलेली, बँका डोक्यावर. दीड हजारांहून जास्त कामगारांना जावं लागलं, मोठा संप झाला आणि किइचिरोने राजीनामा दिला. लगेच कोरियाचं युद्ध सुरू झालं, अमेरिकन सैन्याने ट्रकांची ऑर्डर दिली आणि कंपनी वाचली. किइचिरो १९५२ मध्ये वारला, चांगले दिवस त्याने पाहिलेच नाहीत.

पैसे नसणं हीच पुढे त्यांची शाळा झाली. ताइइची ओनो नावाचा इंजिनिअर होता. त्याला अमेरिकेच्या सुपरमार्केटची पद्धत भावली. गिऱ्हाईक फळीवरून जेवढं उचलतं तेवढंच दुकानदार परत भरतो. ओनोने हेच कारखान्यात आणलं. पुढच्या माणसाने जेवढे पार्ट उचलले तेवढेच मागच्याने बनवायचे, आणि निरोपाला एक चिठ्ठी. तिचं नाव कानबान. गोडाऊनमध्ये माल पडला म्हणजे पैसा पडला.

मी हे बीबीएला असताना पाठ करून दहा मार्क मिळवले होते. कळलं मात्र दुकान टाकल्यावर. माझं दुकान मोटरपंप, पाइप, स्टार्टर, केबल यांचं. पहिल्या वर्षी स्कीमच्या नादात ठिबकचा माल भरून ठेवला. पुढच्या सीझनला भाव उतरले आणि व्याज माझ्या खिशातून गेलं. पण उलटंही सांगतो, कारण यूट्यूबवर सगळे 'झिरो स्टॉक' म्हणून ओरडतात. आसेगावात अकोल्याहून मालाचा टेम्पो रोज येत नाही. रब्बीत हरभऱ्याला पाणी द्यायचं आहे, वीज रात्रीची आहे आणि कॅपॅसिटर उडाला, तर शेतकरी दोन दिवस थांबणार आहे का? तो मंगरूळपीरला जाईल, आणि पुढच्या वेळी सरळ तिकडेच जाईल. म्हणून कॅपॅसिटर आणि फ्यूज मी भरपूर ठेवतो, महागडे पंप मोजकेच. खुद्द टोयोटालाही २०११ च्या भूकंपानंतर हे उमगलं. पार्टच येईनात तेव्हा त्यांनी ठरवलं की चिपसारख्या अडणाऱ्या वस्तूंचा काही महिन्यांचा साठा पुरवठादारांनी ठेवायचा.

टोयोटाची प्रवासी गाडी आपल्याकडे आली ती एका मराठी नावासोबत. माझ्या काउंटरवर दिवसातून दहा वेळा उच्चारलं जातं ते नाव, किर्लोस्कर. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलचं दुकान टाकलं. नंतर लोखंडी नांगर बनवला, तर शेतकरी घेईनात. लोखंडाने जमीन नासते असा समज! १९१० मध्ये औंधच्या राजांच्या मदतीने माळरानावर किर्लोस्करवाडी वसली. एकीकडे सुताराच्या पोराचा माग, दुसरीकडे सायकल दुकानदाराचा नांगर. या दोन घराण्यांनी १९९७ मध्ये टोयोटा किर्लोस्कर मोटर काढली आणि बंगळुरूजवळ बिडदीला कारखाना टाकला. चौथ्या पिढीतले विक्रम किर्लोस्कर हे त्यातलं मोठं नाव, ते नोव्हेंबर २०२२ मध्ये गेले. आणि जुलै २०२४ मध्ये कंपनीने छत्रपती संभाजीनगरला नवीन कारखान्यासाठी राज्य सरकारशी करार केला, गुंतवणूक सुमारे २०,००० कोटींची.

सन २००० मध्ये क्वालिस आली. इंडोनेशियात चालणारी किजांग गाडी थोडी बदलून इकडे आणलेली. पेपरवाल्यांनी दिसण्यावर नाकं मुरडली, डबा म्हणाले. पण आमच्या चुलत काकांना विचारा! त्यांनी जुनी क्वालिस घेतली होती आणि बरीच वर्षं लग्नाची वऱ्हाडं, शेगाव, पंढरपूर, पोहरादेवीची भाडी मारली. काका म्हणायचे, "दिसते कशी ते बसनारा पाहीन, मी तं डिझेल पाहतो." मागे पाट्याचे स्प्रिंग, त्यामुळे माणसं आणि गाठोडी भरली तरी कुरकुर नाही. खड्ड्यात मागच्या सीटवरच्यांची हाडं खिळखिळी व्हायची, ती गोष्ट वेगळी. ऑइल मात्र काका कधी चुकवायचे नाहीत. लग्नाची तारीख लांबेल, ऑइलची नाही.

आणि गंमत बघा, क्वालिस चांगली खपत असताना २००५ मध्ये कंपनीने ती बंद केली. इनोव्हा आणली, महाग आणि आरामाची. काका चिडले होते, "चालता धंदा कोनी बंद करते काय?" बऱ्याच टॅक्सीवाल्यांनी तेव्हा शेव्हरले टवेरा घेतली. पण कंपनीने ओळखलं होतं की क्वालिसवर टॅक्सीचा शिक्का बसला आहे आणि घरची गाडी घेणारा तिकडे फिरकणार नाही. इनोव्हा पुढाऱ्याच्या दारातही उभी राहिली आणि स्टँडवरही. २०१६ ला क्रिस्टा, २०२२ ला हायक्रॉस. तेच नाव वीस वर्षं चाललं.

सगळंच जमलं असं नाही. २०१० मध्ये खास भारतासाठी इटिओस काढली. गाडी टिकाऊ होती, टॅक्सीवाले खूश होते, पण घरच्या गिऱ्हाइकाला ती आतून साधी वाटली. २०२० मध्ये बंद. त्याआधीच सुझुकीशी हात मिळवून बलेनोचीच ग्लान्झा करून विकायला लागले होते. स्वतःला जमत नाही ते दुसऱ्याकडून घ्यायला एवढ्या मोठ्या कंपनीला लाज वाटली नाही, आणि आपण शेजारच्या दुकानातून एक नट मागवून गिऱ्हाइकाला द्यायला कचरतो.

२००९-१० मध्ये अमेरिकेत तर त्यांना लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या. अ‍ॅक्सिलरेटर अडकण्याच्या तक्रारी होत्या, माणसं दगावली होती. अध्यक्ष अकिओ तोयोदा, किइचिरोचा नातू, अमेरिकन संसदेच्या समितीपुढे बसला, माफी मागितली आणि मान्य केलं की आम्ही फार वेगाने वाढलो. एका दुकानाचं नाव झालं की लगेच वाशीमला शाखा काढू म्हणणाऱ्यांसाठी सांगतोय. त्यात मीही होतो.

टोयोटाकडून मी एकच गोष्ट जशीच्या तशी उचलली. पाच वेळा 'का' विचारायचं. दोन वर्षांपूर्वी माझ्याकडून नेलेल्या मोटरी जळून परत येऊ लागल्या. मी कंपनीला शिव्या घालत होतो. मग एका रविवारी कागद घेतला. मोटर का जळली? वाइंडिंग गेलं. का? तीनपैकी एक फेज गेला तरी मोटर चालू राहिली. का? स्टार्टरला प्रिव्हेंटर नव्हता. का? शेतकऱ्याने घेतला नाही. का? काउंटरवरच्या पोराने विचारलाच नाही, कारण मी त्याला कधी सांगितलंच नव्हतं. पाचव्या 'का' ला बोट माझ्याकडे आलं. आता थ्री फेज मोटरच्या बिलाआधी तो प्रश्न विचारल्याशिवाय पोरगा पावती फाडत नाही.

आता त्या पोराची इनोव्हा. सगळे आकडे त्यानेच चौकशी करून आणलेले, मी फक्त कागदावर मांडले. किंमत नऊ लाख, अडीच लाख रोख, साडेसहा लाख कर्ज, १४ टक्के व्याज, चार वर्षं. हप्ता जवळपास १७,८०० रुपये. विमा महिन्याला ३,००० पडतो, परमिट-टॅक्स धरून १,५००. म्हणजे गाडी दारात उभी असली तरी महिन्याला २२,३०० जाणार. भाडं किलोमीटरला १४ रुपये. डिझेल ९२ रुपये, गाडी १२ चा अ‍ॅव्हरेज देणार, म्हणजे ७ रुपये ६७ पैसे. टायरचे ७० पैसे, सर्व्हिस-दुरुस्ती दीड रुपया. हातात राहिले ४ रुपये १३ पैसे. भागा २२,३०० ला. महिन्याला ५,४०० किलोमीटर गाडी फिरली तर फक्त खर्च निघतो. स्वतःचा १२,००० पगार धरला तर ८,३००.

तो गप्प झाला. मग विचारलं, "आषाढीनंतर पोळ्यापर्यंत किती भाडी मिळतात?" माहीत नव्हतं.

आणखी दोन गोष्टी विचारल्या, त्या तुम्हीही विचारा. एक, गाडी पांढऱ्या पाटीची आहे की पिवळ्या? पांढऱ्या पाटीवर भाडं मारलं आणि अपघात झाला तर विम्याचा क्लेम नाकारला जाऊ शकतो. दोन, अडीच लाख किलोमीटर चाललेल्या गाडीचा सर्व्हिस रेकॉर्ड बघितला का? जुन्या अडीच लिटरच्या इनोव्हाला टायमिंग बेल्ट असतो, तो दीड लाखाच्या आसपास बदलावा लागतो. चालत्या गाडीत तुटला तर इंजिनचंच काम निघतं. मालक 'बदलला' म्हणाला तर बिल मागा. आरसीवर बँकेचा बोजा आहे का तेही बघा.

मी त्याला नाही म्हटलं नाही. टोयोटात पद्धत आहे, ऑफिसात बसून ठरवू नका, जागेवर जाऊन डोळ्यांनी बघा. त्याला म्हटलं, एक सीझन दुसऱ्याच्या इनोव्हावर ड्रायव्हर म्हणून जा आणि रोज वही लिही. तोंड पडलं त्याचं. मालक व्हायला आला होता, मी ड्रायव्हर केलं. पण गेला. कारंज्याच्या एका गाडीमालकाकडे लागला आहे, वावर अजून गहाण पडलेलं नाही.

गेल्या रविवारी त्याने वहीचा फोटो पाठवला. २३ दिवसांत २,८७० किलोमीटर. त्यातले ६१० त्याने लाल पेनाने लिहिले होते. पार्टीला आणायला रिकामी गेलेली गाडी, अकोला स्टेशनवर सोडून रिकामी आलेली गाडी. या किलोमीटरचं भाडं कोणी देत नाही, डिझेल मात्र लागतं. आमच्या त्या कागदावर ते नव्हतेच. त्याने धरले नव्हते, आणि मीही नाही.