स्वस्त चिप आणि खरा काटा

मार्च महिन्यात वाशीम, कारंजा, रिसोड येथील बाजार समित्यांच्या आवारांत हरभऱ्याची आवक सुरू असते. सकाळी काटा मांडताना हवेत गारवा असतो. दुपारी पत्र्याच्या शेडखाली उभे राहवत नाही. अशाच एका आवारात काही वर्षांपूर्वी एक तंटा आमच्यापुढे आला. सकाळी तोललेले पोते दुपारी पुन्हा तोलले, तर वजनात शे-दीडशे ग्रॅमचा फरक. शेतकरी म्हणे, मापाऱ्याने हात मारला. मापारी म्हणे, मी काट्याला शिवलोही नाही. हमाल-मापाऱ्यांच्या संघटनेचे काम आमच्याकडे असल्यामुळे मापाऱ्याची बाजू घेणे आम्हांला भाग होते. परंतु नुसती बाजू घेतल्याने काटा खरा होत नाही. म्हणून काटे दुरुस्त करणाऱ्या परवानाधारक कारागिराजवळ आम्ही जाऊन बसलो, आणि तेथून पुढे जे शिकत गेलो ते येथे मांडीत आहोत.

इलेक्ट्रॉनिक काट्यात पोत्याचा भार लोडसेल नावाच्या धातूच्या तुकड्यावर पडतो. तो तुकडा किंचित वाकतो, आणि त्यावर चिकटविलेल्या बारीक तारांचा विद्युत्‌रोध बदलतो. त्यातून जो विद्युत्‌दाब मिळतो तो फारच अल्प असतो. लोडसेलला 5 व्होल्ट दिले, तर सर्वसाधारणपणे पूर्ण भाराला 10 मिलिव्होल्ट मिळतात. काटा 100 किलोचा असेल, तर एका किलोला 100 मायक्रोव्होल्ट, आणि 10 ग्रॅमला अवघा 1 मायक्रोव्होल्ट, म्हणजे एका व्होल्टचा दहा लाखावा भाग!

एवढी क्षीण कुजबूज ऐकू येईल इतकी मोठी करणे, हे वर्धकाचे काम. त्यासाठी जी चिप वापरतात तिला ऑप-अॅम्प म्हणतात. पूर्वी गणित करणाऱ्या यंत्रांत बेरीज-वजाबाकीसारख्या क्रिया या वर्धकाकडून करवून घेत, त्यावरून 1947 साली त्याला हे नाव मिळाले. 1968 साली बाजारात आलेल्या 741 या चिपेने तो सर्वांच्या हाती दिला.

पण प्रत्येक ऑप-अॅम्पच्या अंगी दोन खोडी असतात. पहिली ऑफसेट : आत काहीच येत नसताना थोडेसे आले आहे असे त्याला वाटते. दुसरी ड्रिफ्ट : हा भास उष्णतेबरोबर सरकत जातो. येथे कोणी म्हणेल, की काट्यावर शून्याची कळ आहे. ती दाबली की झाले! हे पहिल्या खोडीपुरते खरे आहे. परंतु सकाळी दाबलेली कळ दुपारच्या उन्हाला बांधील नसते. खरे भय दुसऱ्या खोडीचे आहे.

आता हिशेब करून पाहू. सकाळ ते दुपार 20 अंशांचा फरक धरा. एलएम 358 ही गल्लोगल्ली मिळणारी, अत्यंत स्वस्त चिप. तिचे सरकणे अंशाला सुमारे 7 मायक्रोव्होल्ट. 20 अंशांत 140, म्हणजे आमच्या काट्यावर 1 किलो 400 ग्रॅम. ओपी 07 या चिपेचे सरकणे सर्वसाधारणपणे अंशाला अर्धा मायक्रोव्होल्ट. म्हणजे 100 ग्रॅम. ओपीए 333 सारख्या शून्य-ड्रिफ्ट जातीच्या चिपेचे कमाल सरकणे अंशाला 0.05 मायक्रोव्होल्ट, म्हणजे 10 ग्रॅम. किलो-दीड किलोची चूक कोणाच्याही डोळ्यांत भरते. शंभर ग्रॅमची भरत नाही, आणि 40 पोत्यांमागे ती 4 किलोंवर जाते. ती शेतकऱ्याच्या विरुद्ध जाईल की खरेदीदाराच्या, हे चिपेला ठाऊक नसते. शिव्या मात्र मापारीच खातो.

मग अचूकपणा केवळ श्रीमंतालाच परवडतो काय? नाही. ओपी 07 ही 1975 साली जॉर्ज एर्डी यांनी रचली. कारखान्यातच प्रत्येक चिपेची चूक मोजून ती आतल्या आत दुरुस्त करण्याची युक्ती तीत होती. पुढे अनेक कारखाने तीच चिप बनवू लागले आणि ती सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. शून्य-ड्रिफ्ट चिपेची युक्ती तर आमच्या मापाऱ्याचीच आहे : प्रत्येक तोलाआधी रिकामा काटा शून्यावर आणावा, तशी ती सेकंदाला हजारो वेळा आपली चूक मोजून वजा करते. तिला पैसे जास्त पडतात. पण ते लोडसेलशेजारच्या पहिल्या वर्धकापुरतेच खर्चावेत. पुढच्या टप्प्यांना साधी चिप चालते.

खरेदी करणाऱ्याने चार गोष्टी पाहाव्यात. एक, माहितीपत्रकातील 'सर्वसाधारण' हा रकाना सोडून 'कमाल' हा वाचावा. दोन, नावामागचे अक्षर पाहावे. एलएम 358 चा कमाल ऑफसेट 7 मिलिव्होल्ट, तर एलएम 358ए चा 3. तीन, एकीच्या जागी दुसरी बसवताना पाय जुळतात की नाही ते पाहावे. ओपी 07 ही 741 च्या जागी बसते, पण शून्य जुळविण्याचे जोडकाम वेगळे असल्याने जुने काढावे लागते. एलएम 358 च्या जागी मात्र ती मुळीच बसत नाही. चार, माल अस्सल आहे की नाही हे तपासावे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर वा पुण्याच्या बुधवार पेठेत चांगला माल मिळतो. पण जुने नाव घासून नवे छापलेल्या चिपाही या धंद्यात फिरतात.

तपासणी सोपी आहे. 9 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, 10 ओहम व 10 किलोओहमचे रोधक आणि साधा मल्टीमीटर घेऊन चिपेला हजारपट वर्धन द्यावे व आत येणारे टोक शून्याला जोडावे. मग मीटरवरचा प्रत्येक मिलिव्होल्ट म्हणजे चिपेचा एक मायक्रोव्होल्ट. अस्सल ओपी 07 काही दहा मिलिव्होल्ट दाखवील. व्होल्टच्या घरातला आकडा आला, तर नाव ओपी 07 चे आणि पोट दुसऱ्याचे समजावे. नंतर पायांना न शिवता चिपेच्या पाठीवर बोट ठेवून उष्णता द्यावी. काटा किती सरकतो ते दिसेल.

आजच्या पुष्कळ स्वस्त काट्यांत एचएक्स 711 सारखी चिप असते. तीत वर्धक आणि आकडा काढणारा भाग एकत्रच असतात. तेथेही कसोटी हीच. तथापि शिक्का लागलेला काटा कोणी स्वतः उघडू नये. दुरुस्तीनंतर वैधमापनशास्त्र विभागाकडून त्याची फेरपडताळणी झालीच पाहिजे.

वर्धकाचे वर्धन ठरविणारे रोधकही उन्हाने बदलतात, आणि ती चूक शून्याच्या कळीने जात नाही. म्हणून प्रत्येक आवारात शिक्क्याचे 20 किलोचे वजन असावे, ते सकाळी व दुपारी सर्वांच्या देखत काट्यावर ठेवावे आणि आकडा फळ्यावर लिहावा, एवढी मागणी आम्ही करतो. त्या दिवशीच्या मापाऱ्याला हे करता आले असते, तर त्याला शपथ घ्यावी लागली नसती.