३५ लाइट, ५० किलो

तोंडाच्या किंवा घशाच्या कॅन्सरवर पूर्ण किरणोपचार द्यायचे तर साधारण ७० ग्रे मात्रा लागते. रोज २ ग्रे, आठवड्यातले ५ दिवस, म्हणजे मशीनखाली ३५ वेळा झोपायचं, सात आठवडे. गावाकडे याला ‘लाइट घेणं’ म्हणतात. ग्रेचा हिशेब मशीन चोख ठेवतं. किलोचा हिशेब मात्र घरच्यांवर येतो आणि तोच बहुधा चुकतो.

पहिला आठवडा बरा जातो. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंड सोलवटतं, लाळ आटते, चव जाते. ५० किलोच्या माणसाचं वजन महिन्यात ५ टक्क्यांनी, म्हणजे अडीच किलोंनी उतरलं, तर ती धोक्याची खूण. उपचारावेळी डोकं हलू नये म्हणून घालतात तो प्लास्टिकचा मुखवटा चेहऱ्याच्या मापाचा असतो. गाल बसले की तो सैल होतो. मग पुन्हा माप, पुन्हा आखणी. अशक्तपणाने मध्येच खंड पडला तर तेवढ्या दिवसांत गाठ पुन्हा उचल खाते.

मग खायचं किती? युरोपातल्या ‘एस्पेन’ या पोषणतज्ज्ञांच्या संस्थेचं माप असं: दर किलो वजनामागे रोज २५ ते ३० कॅलरी आणि १ ते १.५ ग्रॅम प्रथिनं. आपल्या ५० किलोच्या माणसाला १,२५० ते १,५०० कॅलरी आणि किमान ५० ग्रॅम प्रथिनं. आकडा ऐकून नातेवाईक पावडरचा डबा आणायला धावतात. आधी फडताळ बघावं. १०० ग्रॅम ज्वारीचं पीठ, ५० ग्रॅम तूरडाळ, अर्धा लिटर म्हशीचं दूध, दोन अंडी, ३० ग्रॅम शेंगदाण्याचं कूट, तीन चमचे तूप. बेरीज सुमारे १,४५० कॅलरी, ५८ ग्रॅम प्रथिनं.

अडचण जिनसांची नाही, रूपाची आहे. कडक भाकरी आणि लसणाची शेंगाचटणी सोललेल्या तोंडात जाणार नाही. तेच पीठ दुधात पातळ शिजवलं, कूट बारीक वाटून त्यात घातलं, अंडं मऊ उकडून कुस्करलं, तर उतरतं. दिवसातून दोनदा नव्हे, सहा-सात वेळा, थोडं थोडं. पाण्यात मीठ-सोडा घालून आधी गुळण्या. तरीही गिळवत नसेल तर नाकातून नळी. नळी म्हटलं की घरात रडारड सुरू होते. खरं तर ती बहुधा काही आठवड्यांचीच सोय असते.

सगळ्यांना हा एकच तक्ता मात्र चालत नाही. देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यात, बार्शीत सुरू झाली. बार्शी, परंडा आणि भूम तालुक्यांतली ३४६ गावं तिच्यात होती. बायकांमध्ये तिथे गर्भाशयमुखाचा कॅन्सर सर्वांत जास्त आढळला. त्यात ओटीपोटावर साधारण २५ लाइट, शिवाय आतून किरणोपचार. इथे तोंड शाबूत असतं, आतडी बिघडतात. जुलाब लागले की तेच अर्धा लिटर दूध त्रास देतं. ताकभात, मुगाचं वरण, केळं बरं. कच्ची कोशिंबीर काही दिवस दूर.

आणि पथ्य! ‘साखर बंद केली की गाठ उपाशी मरते’ हे बाकड्यावर शेजारी बसलेलं कुणीतरी हमखास सांगतं. गाठ मरत नाही, माणूस वाळतो.

पावडरच्या डब्याचंही मोजमाप झालेलं आहे. पोर्तुगालमध्ये आतड्याच्या कॅन्सरसाठी किरणोपचार घेणाऱ्या १११ रुग्णांचे ३७-३७चे तीन गट केले. एकाला आहारतज्ज्ञाने नेहमीच्याच अन्नातून काय, किती, कसं खायचं ते बसून समजावलं. दुसऱ्याला प्रथिनांचं तयार पेय दिलं. तिसऱ्याला मनाप्रमाणे खाऊ दिलं. उपचार संपले तेव्हा पहिल्या दोन्ही गटांचं खाणं वाढलेलं होतं. तीन महिन्यांनी ते टिकलं होतं फक्त पहिल्या गटात. पेय थांबलं, तसं दुसऱ्या गटाचं खाणंही मूळपदावर आलं होतं.

३५वा लाइट झाला तरी तोंड भरून यायला आणखी दोन ते चार आठवडे जातात. लाळ त्याहून उशिरा येते, कधी पुरती येतच नाही. तोवर कडक भाकरी आमटीत चुरून, चांगली भिजू द्यायची. वजनकाटा दर आठवड्याला, त्याच वेळी, त्याच कपड्यांत.