मानवशास्त्रीय संग्रहालयांचे नूतनीकरण : काचेच्या कपाटाआधी नोंदवही

बंगळुरू : कब्बन पार्कच्या कडेला असलेल्या येथील शासकीय संग्रहालयाच्या संग्रहात अतकूरचा प्रसिद्ध वीरगळ आहे. मंड्या जिल्ह्यातून आलेल्या दहाव्या शतकातील या शिळेवर राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण आणि चोळ यांच्यात झालेल्या तक्कोलमच्या लढाईचा उल्लेख आहे. त्याच शिळेवर 'काळी' नावाच्या एका शिकारी कुत्र्याची कथाही कोरली आहे. लढाईतील पराक्रमाबद्दल मनलेर या योद्ध्याने बक्षीस म्हणून हा कुत्रा मागून घेतला. पुढे रानडुकराशी झुंजताना डुक्कर आणि कुत्रा दोघेही मेले आणि त्या कुत्र्याच्या स्मरणार्थ ही शिळा उभी राहिली. हजार वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी ही शिळा कोणाची आणि कशासाठी आहे हे सांगता येते, कारण तिची नोंद तिच्याच अंगावर आहे.

मासे धरण्याचा बांबूचा सापळा, मण्यांची माळ, ढोल किंवा धान्य पाखडण्याचे सूप यांचे तसे नसते. ही वस्तू कोणी केली, कोणत्या गावात, कोणत्या प्रसंगी वापरली आणि संग्रहालयात ती कशी आली, हे सांगणारा कागद हरवला की ती वस्तू मुकी होते. मानवशास्त्रीय संग्रहालयांच्या नूतनीकरणाची चर्चा होते तेव्हा नवी दालने, प्रकाशयोजना आणि पडद्यांवरील चित्रफिती यांकडे प्रथम लक्ष जाते. प्रत्यक्षात या कामाचा पाया दप्तरखान्यात असतो.

दोन वाटांनी आलेला वारसा

बंगळुरूचे शासकीय संग्रहालय १८६५ मध्ये, लेविन बोअरिंग हे म्हैसूरचे आयुक्त असताना सुरू झाले. त्यामागे मद्रासच्या संग्रहालयाची उभारणी करणारे शल्यचिकित्सक एडवर्ड बाल्फोर यांची प्रेरणा होती. सध्याची इमारत रिचर्ड सँकी यांच्या आराखड्यानुसार १८७७ मध्ये बांधली गेली. त्या काळातील संग्रहालयांत नाणी, खनिजे, पेंढा भरलेले प्राणी आणि लोकजीवनातील वस्तू असे सारे एकाच छपराखाली जमा होत असे.

माणसांविषयीचा कागद मात्र दुसऱ्या वाटेने तयार झाला. १९०१ मध्ये ब्रिटिश भारत सरकारने देशव्यापी मानववंशविषयक पाहणी हाती घेतली. म्हैसूर संस्थानात हे काम एच. व्ही. नंजुंडय्या यांच्याकडे होते. पुढे म्हैसूर विद्यापीठाचे पहिले कुलगुरू आणि बंगळुरूत स्थापन झालेल्या कन्नड साहित्य परिषदेचे पहिले अध्यक्ष झालेले ते हेच. १९२० मध्ये त्यांचे निधन झाल्यावर एल. के. अनंतकृष्ण अय्यर यांनी ते काम पुढे नेले आणि १९२८ ते १९३५ या काळात म्हैसूरमधील जाती-जमातींवरील चार खंड प्रसिद्ध झाले. मद्रास इलाख्यात एडगर थर्स्टन यांचे सात खंड १९०९ मध्ये, तर मुंबई इलाख्यात आर. ई. एंथोव्हेन यांचे तीन खंड १९२० ते १९२२ या काळात निघाले.

म्हणजे वस्तू संग्रहालयात राहिल्या आणि माहिती ग्रंथांत गेली. त्या ग्रंथांमागची टाचणे, पत्रव्यवहार, छायाचित्रांच्या काचा आणि मोजमापांचे तक्ते अशा संग्रहांतून वेगवेगळ्या कपाटांत विखुरतात. वस्तू आणि कागद यांची ही फारकत मिटवणे हे नूतनीकरणाचे पहिले काम होय.

नोंद हरवते कशी

नोंद हरवण्यास दर वेळी मोठी आपत्ती लागते असे नाही. वस्तूला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी गळून पडते, कसर नोंदवहीची पाने खाते, आणि कोणती वस्तू कुठली हे तोंडपाठ असलेला कर्मचारी निवृत्त होतो. जुन्या छायाचित्रणातील अॅसिटेटची फिल्म उष्ण व दमट हवेत कुजू लागली की तिला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. ध्वनिफिती टिकल्या तरी त्या वाजवणारी यंत्रे दुर्मीळ होत जातात.

मोठ्या आपत्तीही घडल्या आहेत. दुसऱ्या महायुद्धामुळे कोलकात्याहून वाराणसीला हलवलेल्या मानवशास्त्रीय संग्रहाला १९४३ मध्ये वरुणा नदीच्या पुराचा फटका बसला. डिसेंबर १९४५ मध्ये भारतीय मानवशास्त्र सर्वेक्षणाची स्वतंत्र संस्था म्हणून स्थापना झाली, ती अशा नुकसानीनंतर. २ सप्टेंबर २०१८ रोजी ब्राझीलमधील रिओ दि जानेरो येथील राष्ट्रीय संग्रहालयाला लागलेल्या आगीत आदिवासी भाषांची ध्वनिमुद्रणे आणि संशोधकांची टाचणे नष्ट झाली. त्यांतील काही भाषा बोलणारे कोणीही आता हयात नाही. इमारत पुन्हा बांधता येते, तो आवाज पुन्हा मिळवता येत नाही.

नूतनीकरणात काय केले जाते

काम मोजदादीने सुरू होते. भांडारातील प्रत्येक वस्तू बाहेर काढून तिचा क्रमांक मूळ नोंदवहीशी पडताळला जातो. वहीत आहे पण भांडारात नाही, भांडारात आहे पण वहीत नाही, अशा दोन याद्या तयार होतात. या याद्या संस्थेला अडचणीच्या वाटल्या, तरी तिच्या प्रामाणिकपणाची कसोटी त्यांतच असते.

त्यानंतर दुरुस्ती आणि साठवणूक येते. पूर्वी लाकूड, पिसे आणि कातडे किडीपासून वाचवण्यासाठी संग्रहालये आर्सेनिक, पारा किंवा डीडीटी यांचा वापर करीत. त्यामुळे अशा जुन्या वस्तू हाताळणेही धोक्याचे असू शकते. कोणते रसायन कधी वापरले याची नोंद नसेल, तर धोका कर्मचाऱ्यांना असतो आणि वस्तू मूळ समाजाकडे परत गेलीच, तर तो त्यांनाही असतो.

तिसरा टप्पा संगणकीय नोंदींचा. पुण्यातील सी-डॅक संस्थेने विकसित केलेली 'जतन' ही प्रणाली केंद्रीय संस्कृती मंत्रालयाच्या संग्रहालयांत यासाठी वापरली गेली आहे. परंतु चुकीची चिठ्ठी संगणकात भरली तर चूकच वेगाने पसरते. त्यामुळे पडताळणी आधी आणि डिजिटायझेशन नंतर, हा क्रम महत्त्वाचा ठरतो.

मोजणारे आणि मोजले जाणारे

मानवशास्त्रीय संग्रहात केवळ वस्तू नसतात, कधी माणसांचे अवशेषही असतात. मराठी वाचकांना परिचित असलेल्या इरावती कर्वे यांनी १९२०च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली कवट्यांची मोजमापे घेतली. युरोपीय माणसाच्या कवटीची ठेवण वेगळी व म्हणून श्रेष्ठ असते, अशी त्यांच्या मार्गदर्शकाची धारणा होती. कर्वे यांच्या मोजमापांतून तसा वांशिक भेद सिद्ध झाला नाही आणि त्यांनी तसे प्रबंधात मांडले. एकाच संग्रहातून वर्णद्वेषाला आधार शोधता येतो आणि त्याच संग्रहातून त्याचे खंडनही करता येते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

त्या कवट्या मुळात कोणाच्या, हा प्रश्न मात्र त्या काळात क्वचितच विचारला जाई. बर्लिनमध्ये अलीकडे पूर्व आफ्रिकेतून वसाहतकाळात नेलेल्या अकराशेहून अधिक कवट्यांचा मूळ शोध घेण्यात आला. जुन्या नोंदी आणि डीएनए तपासणी यांच्या आधारे त्यांतील काहींचे आप्त आजच्या टांझानियात हयात असल्याचे २०२३ मध्ये जाहीर झाले. तिथल्या कुटुंबांसाठी तो संग्रहातला क्रमांक उरला नाही, तो त्यांचा पूर्वज ठरला. कवटीवर लिहिलेले गावाचे नाव किंवा पेटीतली चिठ्ठी टिकली नसती, तर तपास कोठून सुरू करायचा हेही कळले नसते.

जुने शब्द, नव्या भिंती

जुन्या नोंदींत केवळ माहिती नसते, अपमानही असतो. १८७१ च्या कायद्याने अनेक जमातींवर 'गुन्हेगार' असा शिक्का मारला. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण छायाचित्रांखालच्या ओळींत आणि याद्यांत तो शब्द शिल्लक राहिला. महाराष्ट्रातील भटक्या-विमुक्तांच्या लेखनाने या शिक्क्याची किंमत मराठी समाजाला दाखवून दिली आहे.

अशा नोंदी खोडून टाकल्या तर अन्यायाचा पुरावाच नाहीसा होतो. त्या तशाच भिंतीवर लावल्या तर अन्याय नव्याने होतो. म्हणून मूळ शब्द अभिलेखात जपायचा, तो कोणी व का वापरला याची टीप जोडायची आणि प्रदर्शनात समाज स्वतःसाठी जे नाव वापरतो ते लावायचे, हा मार्ग अधिक न्याय्य ठरतो. डिजिटायझेशनलाही हीच सावधगिरी लागू आहे. एखादे विधीगीत ठरावीक प्रसंगीच ऐकायचे असेल, तर ते सर्वांसाठी खुले करण्यापूर्वी त्या समाजाची संमती घ्यावी लागते.

ज्यांचा वारसा, त्यांचा आवाज

या दिशेने आपल्याकडे काही पायवाटा आहेत. भोपाळच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालयात विविध प्रांतांतील घरे त्या त्या समाजातील कारागिरांनी येऊन बांधली. या संस्थेचे दक्षिणेतील केंद्र म्हैसूरच्या वेलिंग्टन हाऊसमध्ये आहे. बंगळुरू-म्हैसूर मार्गावर रामनगरजवळ एच. एल. नागेगौडा यांच्या पुढाकाराने १९९४ मध्ये उभ्या राहिलेल्या 'जानपद लोक'मध्ये शेतीची अवजारे व सोंगांच्या पोशाखांइतकेच लोकगीतांच्या ध्वनिमुद्रणांना महत्त्व आहे. बंगळुरूतच फेब्रुवारी २०२३ मध्ये खुल्या झालेल्या 'म्युझियम ऑफ आर्ट अँड फोटोग्राफी'च्या आरंभीच्या प्रदर्शनांत, ग्रामीण भारतातील मावळत्या कलापरंपरा टिपणाऱ्या ज्योती भट्ट यांच्या छायाचित्रांचा समावेश होता. कलावंताने ठेवलेली नोंदही काळाच्या ओघात मानवशास्त्राचे साधन होते, हे त्यातून दिसते.

यापुढचे पाऊल सोपे आहे, पण वेळखाऊ आहे. जुनी छायाचित्रे घेऊन ती जिथे काढली त्या गावी परत जायचे आणि वडीलधाऱ्यांना विचारायचे, की ही बाई कोण, हे वाद्य कसे वाजवतात, या माळेला तुम्ही काय म्हणता. 'एक स्त्री' असे लिहिलेल्या चित्राखाली अशाने नाव येऊ शकते. ही उत्तरे देऊ शकणारी पिढी आता वृद्ध झाली आहे. नव्या दालनाचे उद्घाटन वर्षभर लांबले तरी फारसे बिघडत नाही. ही विचारपूस लांबली, तर उत्तर देणारे उरणार नाहीत.