खोली क्रमांक पाच

दिलीप परुळकर, एम. एस. ग्रेवाल आणि हरीश सिंहजी हे भारतीय हवाई दलाचे तीन अधिकारी. १९७२ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी रावळपिंडीच्या युद्धकैदी छावणीची भिंत फोडली आणि अफगाण सीमेच्या तोंडापर्यंत धडक मारली, ही हकिकत आता सर्वांना पाठ आहे. तिच्यावर पुस्तक निघालं, चित्रपट झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये परुळकर पुण्यात वारले, तेव्हा वर्तमानपत्रांनी ती पुन्हा एकदा सांगितली. हवाई दलातली जुनी मंडळी मात्र हीच हकिकत सांगताना वेगळ्या जागी रेंगाळतात. कुठे एका केकपाशी, कुठे भिंतीच्या गिलाव्यापाशी, कुठे एका टोपीपाशी. खरी गंमत आणि खरा थरार तिथेच आहे.

परुळकरांनी १९७१ च्या भारत-पाकिस्तान युद्धाआधीच वरिष्ठांना सांगून ठेवलं होतं की, आपल्याला पाडलंच तर आपण शत्रूच्या हाती फार दिवस राहणार नाही. बोलणारा माणूस तसाच होता. १९६५ च्या युद्धात त्यांच्या विमानाला गोळ्या लागल्या, खांदा जखमी झाला, बरोबरच्या तुकडीप्रमुखाने उडी मारायचा सल्ला दिला. तरी त्यांनी विमान तळावर आणून उतरवलं आणि वायुसेना पदक मिळवलं. १० डिसेंबर १९७१ रोजी मात्र त्यांच्या सुखोई-७ ने तेवढी सवड दिली नाही. या वेळी उडी मारावीच लागली, आणि वरिष्ठांसमोर बोललेला शब्द खरा करायची वेळ आली.

पकडलेल्या वैमानिकांना सुरुवातीला एकेकटं ठेवलं होतं. शेजारच्या कोठडीत आपलाच कोणी आहे की नाही, याचाही पत्ता नसे. नाताळाच्या दिवशी छावणीचे प्रमुख स्क्वाड्रन लीडर उस्मान हमीद यांनी सर्वांना प्रथमच एकत्र आणलं आणि चक्क केक मागवला. कैद्यांमधले सर्वांत ज्येष्ठ, विंग कमांडर कोएल्हो यांनी तो कापला. उस्मान यांचा हेतू सणाच्या दिवशी माणुसकी दाखवण्याचा होता आणि तो त्यांनी मनापासून पाळला. आपल्याच केकभोवती पुढच्या कटातली माणसं एकमेकांना भेटताहेत, हे त्यांना तरी कसं कळावं!

छावणीत गप्पांना तोटा नव्हता. त्यातली एक होती जवाहरलाल भार्गव यांची. त्यांचं मरुत विमान ५ डिसेंबरला सिंधच्या वाळवंटात पडलं. त्यांनी गावकऱ्यांना आपलं नाव मन्सूर अली सांगितलं, पाकिस्तानी वैमानिक असल्याची बतावणी केली आणि बराच वेळ निभावूनही नेली. शेवटी रेंजर्सनी त्यांना कलमा म्हणून दाखवायला सांगितलं, आणि सोंग तिथेच संपलं. पुढे पळायचं ठरल्यावर परुळकर झाले फिलिप पीटर आणि सिंहजी झाले हॅरॉल्ड जेकब. ख्रिस्ती माणसाला कलमा कोण विचारतो? ग्रेवाल यांनी अली अमीर हे नाव घेतलं. धर्माच्या प्रश्नाची इतकी तयारी झाली, आणि ऐन वेळी संशय आला तो भलत्याच गोष्टीचा. तो किस्सा पुढे येईलच.

तयारी पाहिली तर घरच्या बाईने संसार उभा करावा तशी होती. कैद्यांना जिनिव्हा कराराप्रमाणे दरमहा भत्ता मिळे. त्यातून सुका मेवा आणि आटवलेलं दूध साठत गेलं. पठाणी पोशाख शिवून झाले. पॅराशूटच्या कापडाच्या पाठपिशव्या झाल्या. विमानाने झटकन वळण घेतलं की वैमानिकाचं रक्त पायांकडे उतरतं. ते रोखण्यासाठी जी-सूटमध्ये हवेच्या पिशव्या असतात. त्या आता पाणी भरायला लागल्या. सुईला बॅटरीच्या प्रवाहाने चुंबकत्व देऊन होकायंत्र बनवलं. नकाशा मिळाला तो शाळेच्या जुन्या ॲटलासमधून फाडलेला. यातलं होकायंत्र जुगाड होतं, पिशव्या जुगाड होत्या, आणि त्या टिकल्या. दगा दिला तो छापील नकाशाने.

भिंत खोली क्रमांक पाचची. जवळजवळ दीड फूट जाडीची, विटांची. कात्री, चाकू, स्क्रू-ड्रायव्हर अशा हत्यारांनी विटांमधला चुना रात्री-रात्री खरवडायचा, वीट सोडवायची, पहाट व्हायच्या आत सारं झाकायचं. कोणीतरी पहाऱ्यावर कान ठेवून बसायचं, कोणीतरी पहारेकऱ्याला बोलण्यात गुंतवायचं. जुलैमध्ये वाटलं, झालं काम. आता बाहेरचा गिलावा तेवढा ढकलायचा. तो ढकलला आणि तो हलेना! आतल्या विटा मऊ चुन्यात होत्या, बाहेरचा थर मात्र कमालीचा टणक निघाला. इतक्या आठवड्यांची मेहनत बोटभर जाडीच्या थराने अडवली, आणि सगळे निमूटपणे पुन्हा अंथरुणात शिरले.

तो थर फोडायचीही सोय झाल्यावर मुहूर्त लागला तो १२ आणि १३ ऑगस्टच्या मधल्या रात्री. रविवार उजाडणार होता, त्याला लागूनच १४ ऑगस्टचा पाकिस्तानचा स्वातंत्र्यदिन, म्हणजे पहारा सैल. भिंतीपलीकडे पाकिस्तानी हवाई दलाच्या भरती कार्यालयाचं आवार होतं आणि तिथे खाटेवर एक चौकीदार. त्याचं काय करायचं, हा प्रश्न शेवटपर्यंत सुटला नव्हता. तो पावसानेच सोडवला. धुळीचं वादळ उठलं, मागोमाग सरी कोसळल्या आणि चौकीदाराने डोक्यावरून पांघरूण ओढून घेतलं. तिघे भोकातून सरपटत बाहेर पडले, भिंत ओलांडून रस्त्याला लागले, तर समोर सिनेमाचा शेवटचा खेळ सुटलेला. पळालेले कैदी पिंडीच्या प्रेक्षकांत मिसळून मॉल रोडने चालू लागले.

पहाटे पेशावरची बस, पुढे जमरूद, मग खैबरच्या वळणांवरून लंडी कोतल. सकाळी साडेनऊच्या सुमाराला ते तिथे उभे होते आणि सीमा होती चार मैलांवर. उन्हातान्हात डोकी उघडी दिसू नयेत म्हणून त्यांनी पेशावरी टोप्या घेतल्या. सिंहजींना ती बसेना, म्हणून बदलायची खटपट झाली. तेवढ्यात परुळकरांनी चौकशी केली, लंडी खाना इथून किती लांब? ॲटलासमध्ये खैबर रेल्वेचं शेवटचं स्टेशन लंडी खाना होतं. रूळ तिथवर १९२६ मध्ये गेले होते हे खरं, पण इंग्रजांनी तो टप्पा १९३२ मध्येच बंद करून टाकला होता. चाळीस वर्षांपूर्वी बंद पडलेल्या स्टेशनाची चौकशी करणारे हे परके कोण? तहसील कचेरीतल्या एका अर्जनवीसाचे कान टवकारले. त्या काळात पश्चिम पाकिस्तानात अडकलेले बंगाली याच वाटेने काबूलकडे निसटत होते. त्याने ठरवून टाकलं, हे बंगालीच! भारतीय असतील, असं कोणाच्या मनातही आलं नाही.

तहसीलदारासमोर तिघांनी आपण लाहोरचे, पाकिस्तानी हवाई दलातले नोकर असल्याचं सांगितलं, पण ते कोणाला पटेना. त्या मुलखात हाताशी बंदूक असलेला माणूस फार वेळ विचार करत बसत नाही. परुळकरांनी मग एक धाडसी मागणी केली. हवाई दलप्रमुखांच्या एडीसीला फोन लावा, ते आम्हाला ओळखतात. हे एडीसी, म्हणजे दलप्रमुखांचे निजी सहायक अधिकारी, होते छावणीतून नुकतेच बदलून गेलेले उस्मान हमीद, नाताळाचा केक आणणारे. फोनवर परुळकर आडवळणाने दोन-चार वाक्यं बोलले आणि उस्मान यांना सारं उमगलं. त्यांनी तहसीलदाराला सांगितलं की ही आपली माणसं आहेत, त्यांना कोंडून ठेवा, पण अंगाला हात लावू नका. छावणी फोडून निघालेल्या कैद्यांचा जीव त्या छावणीच्याच माजी प्रमुखाने वाचवला.

इथे कथा सांगणारे बहुतेक जण थांबतात, आणि मला नेमकं इथेच थांबवत नाही. कारण पिंडीत काही माणसं मागे राहिली होती. आपण जाणार नाही, हे ठाऊक असताना त्यांनी पहारे सांभाळले, आवाज झाकले, रात्र निभावली. पलायनाचा बभ्रा झाला तेव्हा सर्वांत आधी शिपाई धावून आले ते त्यांच्यावर. जिनिव्हा करारानुसार फसलेल्या पलायनाला फक्त शिस्तभंगाची शिक्षा देता येते आणि तीस दिवसांपेक्षा जास्त नाही. पळालेल्या तिघांना तेवढे एकांतवासाचे दिवस मिळाले. पुढे सगळ्यांचीच रवानगी लायलपूरच्या तुरुंगात झाली. १ डिसेंबर १९७२ रोजी ते वाघा सीमेवरून परतले, तेव्हा चालत आलेल्या रांगेत कोण पळालं होतं आणि कोणी पळायला मदत केली होती, हे पाहणाऱ्याला ओळखता येत नव्हतं.

परुळकरांना या पलायनासाठी पुढे विशिष्ट सेवा पदक मिळालं. फसलेल्या प्रयत्नाचा देशाने असा मान राखावा, हे मला फार मोलाचं वाटतं. युद्धकैद्याच्या हाती शस्त्र नसतं, विमान नसतं. आपण अजून सैनिक आहोत हे सिद्ध करायला त्याच्यापाशी एवढी एकच वाट उरते. तो मान मागे राहिलेल्यांचाही आहे. म्हणून ही हकिकत पुढच्या वेळी सांगाल तेव्हा परुळकर, ग्रेवाल, सिंहजी यांच्यासोबत कोएल्हो, जफा, कामत, तेजवंत सिंग, भार्गव, पेठिया, चाटी, मुल्ला-फिरोझ आणि कुरुविल्ला ही नावंही घ्या. आणि उस्मान हमीद हे नाव तर घ्याच.