लडाख : बारमाही खेळाचे मैदान आणि मैदानाच्या कडेला बसलेली माणसे

लडाख म्हटले की आपल्या समाजातील बहुतेक कुटुंबांच्या डोळ्यांसमोर गोंपा, प्रार्थनाचक्रे आणि तथागतांच्या भव्य मूर्ती उभ्या राहतात. बुद्धगया, सारनाथ, कुशीनगर झाले की एकदा लडाख पाहू, असे अनेकजण ठरवितात. वंदना जरूर करावी. पण लडाख ही नुसती पाहण्याची भूमी नव्हे. ती चालण्याची, खेळण्याची भूमी आहे आणि तीही बाराही महिने. डोंगर चढणे, नदीत नाव घालणे हे श्रीमंतांचे शौक, ही समजूत आपण सोडली पाहिजे. मोकळ्या हवेतले साहस हाही मुलामुलींच्या शिक्षणाचाच भाग आहे.

प्रथम प्रकृतीचे. लेह शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. हवा विरळ. विमानाने उतरल्यावर पहिले दोन दिवस संपूर्ण विश्रांती घ्यावी, पाणी भरपूर प्यावे, धावपळ करू नये. डोकेदुखी, मळमळ, दम लागणे वाढत गेले तर ताबडतोब डॉक्टर गाठावा आणि कमी उंचीवर उतरावे. हृदयाचा वा दम्याचा त्रास असणाऱ्यांनी निघण्यापूर्वीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

जून ते सप्टेंबर हा पायी भटकंतीचा हंगाम. याच दिवसांत झंस्कार नदीत रबरी नावांतून चिलिंग ते निमूपर्यंत जाता येते. निमूला झंस्कार आणि सिंधू यांचा संगम होतो. सप्टेंबरात लेहला लांब पल्ल्याच्या धावण्याच्या शर्यती होतात. हिवाळ्यात रस्ते बर्फाने बराच काळ बंद असतात, तरी विमान चालू असते. जानेवारी-फेब्रुवारीत गोठलेल्या झंस्कारवरून ‘चादर’ची पदयात्रा निघते, तीपूर्वी वैद्यकीय तपासणी करावी लागते आणि बर्फ पक्के नसेल तर जाता येत नाही. १९८१ साली स्थापन झालेल्या हेमिस राष्ट्रीय उद्यानात हिमबिबट्या पाहण्याचा काळही हाच. रुंबक खोऱ्यात गावकऱ्यांच्या घरी मुक्काम करता येतो. पैसा थेट त्या घरात जातो.

वसंतात आणि उन्हाळ्यात गावोगाव धनुर्विद्येचे सामने होतात. बाणांच्या फेऱ्या चालतात, मधे नाच होतो. या सामन्यांना आणि पोलोलाही दामन हा ढोल आणि सुरना ही सनई लागतेच. वाद्यांवाचून खेळाला रंग नाही.

ही वाद्ये वाजविणारे कोण? परंपरेने मोन आणि बेडा. लोहारकाम करणारे ते गारा. बौद्ध मुलुखात राहूनही या तिघांना खालचे मानले गेले. मेजवानीच्या पंगतीत त्यांची जागा शेवटी, आणि इतरांनी त्यांच्याशी सोयरीक टाळायची. १९८९ साली लडाखमधील इतर जमातींबरोबर यांनाही अनुसूचित जमातींच्या यादीत स्थान मिळाले. पण यादीत नाव आले म्हणून पंगतीतली जागा बदलत नाही. वाजविण्याबरोबर हलकेपणा चिकटतो म्हणून त्यांच्यातील अनेक तरुणांनी वाद्यच खाली ठेवले आहे.

बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत समतेची प्रतिज्ञा आहे. ती घेतलेल्या आपण ढोल ऐकून नुसत्या टाळ्या वाजवाव्यात काय? लडाखी बांधवांना नावे ठेवण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. लग्न जमविताना आपल्यातही पोटजात विचारली जाते, हे कोणाला ठाऊक नाही? धम्म स्वीकारल्याने जात आपोआप गळून पडत नाही. ती रोजच्या वागण्यातून काढावी लागते, एवढाच याचा धडा.

आणि मैदान बदलू शकते, याचा दाखलाही लडाखच देतो. बर्फावरची हॉकी तिथे प्रामुख्याने पुरुषांची होती. मुली जिद्दीने बर्फावर उतरल्या. २०१७ साली भारतीय महिला संघाने आपला पहिला आंतरराष्ट्रीय विजय मिळविला आणि २०२५ साली महिला आशिया चषकात कांस्यपदक पटकाविले. या संघात बहुतांश मुली लडाखच्या. जी जागा दिली जात नव्हती, ती त्यांनी खेळून मिळविली.

तेव्हा वाचकहो, जमेल त्यांनी लडाखला जरूर जावे, मुलांबरोबर मुलींनाही न्यावे. त्यांना नदीत, डोंगरात, बर्फावर मनसोक्त खेळू द्यावे. सामना पाहताना बाण मारणाऱ्याला ‘जुले’ म्हणाल, तसेच दामन वाजविणाऱ्यालाही म्हणा. त्याच्याजवळ बसा, त्याचे नाव विचारा, चहा एकत्र घ्या. लहान मुले असले वागणे पाहूनच समता शिकतात.