शहर सायकलीचे कसे होते?

एखादे शहर सायकलवाल्यांना मानवते आणि दुसरे मानवत नाही, असे का, हा प्रश्न कोणालाही विचारा. उत्तर तयार असते. “त्यांची जमीन सपाट, हवा थंड, माणसे शिस्तीची. आपल्याकडे ते कसे जमायचे?” उत्तर सोयीचे आहे खरे, पण ते पटण्यासारखे नाही. त्याविरुद्धचा पहिला साक्षीदार आपले पुणेच आहे.

पुण्याला एके काळी ‘सायकलींचे शहर’ म्हणत. कॉलेजकुमार, मास्तर, कामगार, दूधवाले, पोस्टमन, सारेच सायकलवर. तासाच्या भाड्याने सायकली देणारी दुकाने पेठापेठांतून होती आणि दिव्यावाचून किंवा डबलसीट जाताना चौकातल्या पोलिसाची धास्ती असे. पण हे वैभव कोणी योजून आणले नव्हते. गाव लहान, मोटारी मोजक्या आणि खिसा बेताचा, म्हणून रस्ता आपोआप सायकलीचा झाला होता. पुढे गाव वाढले, कारखाने आणि कचेऱ्या लांब गेल्या, दारोदार स्कूटरी आल्या. तसा तो आपोआपच हातचा गेला. जे कोणी ठरवून दिले नव्हते, ते कोणी राखलेही नाही.

आता हॉलंड पाहा. सायकल तिथे परंपरेनेच टिकली, असा आपला समज. वस्तुतः दुसऱ्या महायुद्धानंतर तिथेही मोटारींचा पूर आला आणि सायकल झपाट्याने मागे हटली. १९७१ या एका वर्षात त्या चिमुकल्या देशात ३००० हून अधिक माणसे रस्त्यावर दगावली. त्यांत ४०० हून अधिक मुले होती. तेव्हा आईबाप रस्त्यावर उतरले. त्यांच्या चळवळीचे नावच होते, ‘बालहत्या थांबवा’. १९७३ साली तेलाची टंचाई पडली, सरकारने काही रविवार मोटारी बंद ठेवल्या आणि मोटारींवाचून रस्ता कसा दिसतो, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले. तिथून वारे फिरले. आज तिथल्या दर चार फेऱ्यांपैकी एकीहून अधिक सायकलवर होते. आणि पाऊस व समोरचा वारा तिथे काही कमी नाही!

त्यांनी केले तरी काय? भरधाव रस्त्यावर नुसता रंगाचा पट्टा न ओढता सायकलीची वाट वेगळी काढली. घरांपुढच्या गल्ल्यांत मोटारीला ताशी ३० किलोमीटरची वेसण घातली. कारण या वेगाला धक्का बसला तर माणूस बहुधा वाचतो, ५० ला वाचण्याची आशा पुष्कळच कमी होते. हौटन नावाच्या गावात तर सायकल सरळ गावाच्या मध्यात पोचते, मोटारीला मात्र बाहेरून वळसा पडतो. उत्रेख्त स्टेशनाखाली १२,५०० सायकली ठेवण्याची सोय आहे. आगगाडीपर्यंत सायकल, पुढे आगगाडी, असा हिशेब.

आपल्याकडेही २०१७ साली पुणे महापालिकेने सायकलींचा आराखडा मंजूर केला. पण नकाशा आणि रस्ता यांत अंतर राहते. सायकलमार्ग सुरू होतो ऐटीत. मध्येच डीपीचा खांब येतो, पुढे उभी मोटार, त्यापुढे वडापावची गाडी. आणि नेमका चौक आला, की मार्गच संपतो! चौकातच तर त्याची खरी गरज. साखळीची एक कडी तुटली, तर सायकल चालते का? मार्गाचेही तसेच आहे.

तेव्हा किती किलोमीटर मार्ग बांधले, हे नगरपालिकेला विचारू नये. विचारायचे ते एवढेच : दहा वर्षांच्या मुलीला सायकलवरून एकटीला शाळेत पाठवायला तिच्या आईचा जीव धजावेल का? ज्या शहरात तो धजावतो, तिथे आजोबाही मंडईत सायकलने जातील आणि साहेबही कचेरीत. जमीन सपाट असो वा चढाची, शहर सायकलीचे होते ते असे. कोणीतरी तसे ठरवल्यामुळे.